नवतपा आणि चार आवाजांचा डबा

नवतपा लागला की आमच्या चौबे कॉलोनीत दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सूर्य रोहिणीत गेला की हे नऊ दिवस सुरू होतात आणि रायपूरचा माणूस बोलायचंच कमी करतो. खिडक्यांना ओल्या चादरी लागतात. कूलरच्या टाकीत सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतल्या जातात आणि खसचा, म्हणजे वाळ्याचा, तो ओला, मातकट वास घरभर पसरतो. लोक या दिवसांना शिव्या देतात. मला खसचा वास आला की त्यात मिसळलेला सोल्डरिंगचा धूर आठवतो, आणि धुरापाठोपाठ बंटी आठवतो. बंटी आठवला की माझ्या पोटात दुखायला लागतं. एवढ्या वर्षांनी दुखायला नको खरं तर, पण दुखतं.

यंदाचा नवतपा परवाच लागला. नव्या रायपुरातल्या ऑफिसातून बस परत येते तेव्हा त्या रुंद, गुळगुळीत, सावली नसलेल्या रस्त्यांवर डांबराची वाफ दिसते. राजधानी नवीन होती तेव्हा तिथे शेतं होती आणि पाट्या होत्या. इथे अमुक होणार, इथे तमुक होणार. तेव्हा आम्हीही असेच होतो, होणार-होणार म्हणणारे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून निकालाची वाट बघत घरी बसले होते आणि माझा आतेभाऊ बंटी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ट्रकच्या वजनकाट्यावर बसत होता.

आत्याचं घर बीरगांवला. तिथे कूलर होता, पण वीज असेल तर. म्हणून बंटी सकाळची पाळी संपवून दुपारी दोनच्या उन्हात सायकल मारत आमच्याकडे यायचा. डोक्याला गमछा, खिशात लू लागू नये म्हणून कांदा आणि नाकपुड्यांत कारखान्याची काजळी. आई दार उघडताना रोज तेच म्हणायची, “अरे, ऊन उतरू दे, मंग येत जाजो ना.” आणि तो रोज तेच म्हणायचा, “मामी, ऊन उतरने तक तो मैं उबल जाऊंगा.” त्याला मराठी सगळं कळायचं, तोंडातून मात्र हिंदीच निघायची. मग तो मोरीत तोंड धुऊन, पन्ह्याचा ग्लास घेऊन, कूलरच्या अगदी समोर, म्हणजे माझ्या कामाच्या जागेसमोर, पसरायचा. माझ्या गोष्टीत तो शिरला तो असा, थंड हवेसाठी.

गोष्ट माझी होती हे मला आधी सांगू द्या. छत्तीसगड राज्य झालं तशी भोपाळहून साहेबलोकांची कुटुंबं आली, त्यांची मुलं मोठी झाली, आणि त्या मुलांची खेळणी गुढियारीतल्या भंगारवाल्यांकडे पोचली. तिथे जुन्या रेडिओंच्या ढिगाऱ्यात मला ते दोन व्हिडिओ गेम मिळाले. हातात धरून खेळायचे, विटेएवढे जाड, राखाडी, शेवाळी रंगाच्या काचेचे. एकात सेल फुटून गंज चढलेला, दुसऱ्याचं बटण दबत नव्हतं. दोन्हींचा मिळून एक करता येईल हे मला बघताक्षणी कळलं. सायबर कॅफेत बसून मी वाचलं होतं की दूर कुठेतरी काही वेडे लोक या डब्यांवर खेळत नाहीत, गाणी करतात. डब्यात चार आवाज असतात. दोन सूर काढणारे, एक आपण हवा तसा वळवू शकतो असा, आणि चौथा नुसती खरखर, तिचा ताल करायचा. चार आवाजांत जे काही सांगायचं ते सांगा. मला ही अट फार आवडली.

त्या डब्याचे स्क्रू तीन पायांचे असतात, त्यांना लागणारा पेचकस सगळ्या रायपुरात कोणाकडे नव्हता. मी बॉलपेनचं मागचं टोक मेणबत्तीवर तापवून स्क्रूवर दाबलं, प्लास्टिक थंड झालं आणि पेचकस तयार झाला. आत गेले. आवाजाचं चाक असतं, त्याच्या आधीच आवाज पकडायचा, कारण पुढे गेला की डब्यातलाच भिकार अ‍ॅम्प्लिफायर त्याचा चिखल करतो. चाकाच्या पायांना केसाएवढ्या तारा डागायच्या, त्या बाहेर आणायच्या, डब्याच्या अंगाला भोक पाडून तिथे हेडफोनची खोबण बसवायची. काचेमागची जुनी चंदेरी पट्टी ब्लेडनं सोलून काढायची आणि तिच्या जागी दिवा सरकवायचा. ती पट्टी सोलताना माझ्या नाकी नऊ आले. काच तडकली तर सगळं संपलं. कूलर चालू ठेवला तर डाग लवकर थंड होतो, बंद केला तर घामाचा थेंब बोर्डावर पडतो. मी कूलर बंद ठेवायची आणि बंटी कण्हायचा.

हे सगळं मी कशासाठी करत होते, तेही सांगते. बाबांसाठी. बाबा रेल्वेच्या ऑफिसात होते, पण त्यांचं खरं काम पेटी वाजवणं. कॉलोनीतल्या मराठी घरांचं गुरुवारचं भजन त्यांच्या पेटीशिवाय सुरू होत नसे. मी लहान असताना त्यांनी मला शिकवायला घेतलं, पुष्कळ दिवस शिकवलं आणि एका संध्याकाळी भाता बंद करून अगदी प्रेमानं म्हणाले, “बेटा, तुहा हात चांगला आहे. बोटं साफ पडतात. पण कान नाही वो तुले. काहून उगाच त्रास करून घ्यायचा?”

आई आतून म्हणाली, “पोट्टीले असं म्हणतात काय हो?”

“मंग खोटं सांगू काय?”

रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. त्यांनी ते शिंप्यानं बाहीची लांबी सांगावी तसं सांगितलं. मी पेटी सोडली आणि हातांचं काम धरलं. रेडिओ, इस्त्र्या, शेजाऱ्यांचे टीव्ही. पण आतून एक हट्ट गेला नाही. मला एकदा, एकदाच, माझी सुरावट ऐकून बाबांची मान हललेली बघायची होती. भजनात कोणी एखादी जागा अचानक घेतली की हलायची तशी, त्यांच्या नकळत.

डबा तयार झाला. एका मैत्रिणीच्या भावानं परदेशातून गाणी करायची पट्टी, म्हणजे गेमची खोचायची कॅसेट असते तशी, आणून दिली होती, ती मी मागे खोचली. काचेवर आकड्यांचे रकाने उमटले. वरून खाली सरकत जाणारी ओळ, जिथे जो सूर लिहिला तिथे तो वाजणार. मी आठवडाभर बसून एक सुरावट लिहिली आणि बाबांना हेडफोन लावून दिला. त्यांनी पूर्ण ऐकली. अर्ध्यात हेडफोन काढून ठेवला असता तर बरं, पण ते सज्जन माणूस. ऐकून म्हणाले, “चांगलं आहे बेटा. मेहनत दिसते.”

मेहनत दिसते. स्वैपाकाला कोणी असं म्हटलं तर बाई पुन्हा त्याला वाढणार नाही.

आणि मग बंटीनं, पन्ह्याचा ग्लास पोटावर ठेवून, पडल्या पडल्या, नुसतं “दीदी, दिखाओ ना” म्हणून तो डबा हातात घेतला. त्याला रकाने कळायला जेमतेम एक दुपार लागली. त्यानं कधी पेटीला हात लावला नव्हता, सारेगम त्याला रेडिओवरून माहीत. पण त्यानं चौथ्या आवाजाची खरखर अशी तोडून तोडून लावली की वजनकाट्यावर ट्रक चढतानाचा धडधडाट ऐकू आला, आणि त्यावर दोन सूर असे एकमेकांच्या मागे सोडले की स्वैपाकघरात आईचं लाटणं थांबलं. मी म्हटलं, “छान आहे.” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा, गमछा गुंडाळून, माझ्या कूलरसमोर.

मराठीत या भावनेला शब्द पुष्कळ आहेत. हेवा त्यातला सभ्य. मत्सर दात-ओठ खाणारा. असूया शिकली-सवरलेली. मला त्या उन्हाळ्यात तिन्ही वाटायचे. दुपारी त्याची सायकल फाटकाशी वाजली की हेवा, तो डब्यावर वाकला की मत्सर, आणि तो गेल्यावर मी त्याचे रकाने उघडून, कुठे काय लिहिलंय ते ओळीओळीनं तपासत बसायची, ती असूया. तपासून काही सापडायचं नाही. आकडे तेच होते, मीही तेच लिहिले होते.

त्यात बंटी चांगला मुलगा. तो खडूस असता तर माझं किती सोपं झालं असतं. येताना माझ्यासाठी बीरगांवच्या बाजारातून तेंदूची पिकलेली फळं आणायचा, डाग देताना माझ्या हातावर पुठ्ठ्यानं वारा घालायचा, आणि जो येईल त्याला सांगायचा, “ये मशीन दीदी ने बनाई है.” मशीन. गाणं त्याचं, मशीन माझी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि तोंडानं मी त्याला आणखी पन्हं विचारायची.

डब्यात एक दोष राहिला होता. दिवा बसवल्यापासून आवाजाच्या तारेत एक बारीक गुणगुण शिरायची. सूर थांबले की ती उरायची. मी ती काढायला बसले. तारा वेगळ्या वाटेनं फिरवल्या, तांब्याच्या पत्र्याचा आडोसा केला, कपॅसिटर लावले. ती थोडी थोडी कमी होत होती.

“दीदी, क्या कर रही हो?”

“गुणगुण काढून राहिली. दिव्याचा करंट आवाजात घुसून राहिला.”

“मत निकालो ना. इसी में तो सा है.”

“कचरा आहे तो, बंटी.”

“हव. पर सुर में है कचरा.”

त्यानं डबा जुन्या टेपच्या स्पीकरला लावला आणि नुसता चालू ठेवला. खोलीत कूलर बंद, सगळीकडे ती गुणगुण. आतल्या खोलीत बाबा आडवे झाले होते. थोड्या वेळानं तिथून पेटीचा एक सूर आला. थांबला. शेजारचा सूर आला. मग बाबा पेटी उचलून बाहेरच आले, बनियनवर, चष्मा न लावता.

“काळी दोन,” ते म्हणाले. “जराशी उतरलेली. पण आहे.”

मी त्या आवाजाशी कितीतरी दुपारी झटापट केली होती. तो कुठून येतो, कोणत्या तारेतून, किती, सगळं मला ठाऊक होतं. तो सूर आहे हे मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. बंटीनं त्या गुणगुणीचा तानपुरा केला आणि तिच्यावर चाल बांधायला घेतली. बाबा शेजारी बसले. “हं. गंधार लांबव. आता सोड त्याले. नाही गा, लवकर नको सोडू.” दोघं माझ्याच चटईवर बसले होते आणि मी तापलेली इस्त्री धरावी तसा सोल्डरिंगचा दांडा धरून उभी होते. मग बंटीनं कुठेतरी एक कोमल सूर असा ठेवला की बाबांची मान हलली. नकळत. मी बघत होते. इतक्या वर्षांनी मला ती हललेली दिसली, पण ती माझ्याकडे वळलेली नव्हती.

ज्याचं असेल त्याचं कौतुक करावं, हे मला कळतं. पण जे आपल्याला हवं होतं नेमकं तेच, आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच हातच्या वस्तूवर, दुसऱ्याला सहज मिळालं, तर पोटात दुखत नाही असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्याच दिवसांत बंटीच्या मोठ्या भावाचं लग्न झालं. आमच्याकडे वरातीला धुमाल लागतो. गाडीवर ढोल, पॅड, कॅसिओ आणि भोंग्यांची भिंत, असा तो चालता गडगडाट. संध्याकाळी बीरगांवच्या रस्त्यावर धूळ आणि उकाडा, घामानं नवरदेवाचा फेटा उतरलेला. बंटीनं धुमालवाल्याच्या हातापाया पडून डबा त्याच्या मिक्सरला लावला. आधी रस्ताभर ती गुणगुण पसरली. लोकांना वाटलं काहीतरी बिघडलं. मग दोन सूर उठले. ढोलवाल्यानं एक फेरा नुसतं ऐकलं आणि दुसऱ्या फेऱ्याला असा हात मारला की आत्या, जी स्वतःच्या लग्नातही नाचली नसेल, पदर खोचून पुढे आली. बाबा भोंग्याच्या समोर उभे होते, डोक्यावर टॉवेल, डोळे मिटलेले.

कॅसिओवाल्यानं विचारलं, “ये डिब्बा किसने बनाया, भैया?”

“मेरी दीदी ने.”

सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी हसले.

परतताना ऑटोत बाबा म्हणाले, “असं पोट्टं दहा घरांत एखादं होते.” बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं असावं. “अन् डबा फस्टक्लास केला तू,” ते म्हणाले. आई म्हणाली, “झोपा आता जरासे.”

बंटीनं पुढे काय केलं? काही नाही. पाऊस आला, पाळी बदलली, त्याचं येणं कमी झालं, मग लग्न, मुलं. आज सिलतऱ्याच्या बाजूला त्याचा स्वतःचा वजनकाटा आहे आणि पोट सुटलंय. मध्यंतरी एका बारशात भेटला तेव्हा मी डब्याचं नाव काढलं. “अरे, वो अभी भी है क्या?” म्हणून तो मनापासून हसला आणि जिलबी घ्यायला गेला. कांदा खिशातून काढून खिडकीत ठेवावा आणि विसरून जावं, तसं त्यानं ते ठेवून दिलं होतं. या विसरण्याचासुद्धा मला हेवा वाटतो. मला ते विसरता आलेलं नाही.

बाबांचा कान वयाप्रमाणे गेला. आधी भजनातल्या बायकांचे आवाज गेले, मग दाराची घंटी, मग आमची बोलणी. पेटीला कापड शिवून घातलंय. कानातलं यंत्र त्यांना आवडत नाही, त्यातून सगळं पत्र्यासारखं येतं म्हणतात. पण हेडफोन लावला, आवाज थेट कानात सोडला, तर अजून सूर कळतो. तोही किती दिवस, डॉक्टर सांगत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी डबा पुन्हा काढला. गाण्यांच्या पट्टीच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो, त्याच्यावर आतली गाणी जगतात. तो केव्हाच वाळला होता. बंटीची सगळी गाणी गेली होती. रकाने कोरे. मला आनंद झाला नाही. तसा तो होईल असं मला वाटलं होतं, म्हणून सांगते. मी नवीन सेल डागला आणि बसमध्ये जाता-येता लिहू लागले. नव्या राजधानीचे ते लांबच लांब रस्ते, खिडकीला डोकं, हातात डबा. कोणाला ऐकवायचं नाही, हे ठरवूनच लिहिलं. बाबांनाही नाही. एकदा मेहनत दिसली, तेवढी पुरे. चाल आपल्या चालीनं होत गेली, मी तिला ढकललं नाही.

काल शनिवार, मी घरी. दुपारी वीज गेली आणि कूलर थांबला. बाबा पलंगावर उठून बसले. अशा शांततेत त्यांना काय आठवलं कोण जाणे. मोठ्यानं म्हणाले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, “ते बंटीचं लाव ना वो. डब्यातलं.”

ते नव्हतंच. ते आता कुठेच नव्हतं, बंटीच्या डोक्यातसुद्धा नाही. हे त्यांना सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि सांगून काय मिळणार होतं? डब्यात जे होतं ते मी लावलं. हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला आणि मी पलंगाच्या कडेला बसले.

त्यांनी डोळे मिटले. मग मांडीवर बोटं पडायला लागली. आणि माझ्या चालीत एक वळण आहे, जिथे सूर खाली यायला हवा तिथे मी तो थोडा टांगून ठेवलाय, तिथे बाबांची मान हलली. नकळत. दुसऱ्या फेऱ्याला तिथेच पुन्हा हलली, या वेळी वाट बघून.

संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला. डोळे ओले होते. “हे नवीन आहे,” ते म्हणाले. “पहिल्याहून चांगलं आहे. बंटीनं केलं ना?”

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. ओठ सावकाश हलवले की त्यांना कळतं. ‘मी’ म्हणायला ओठ एकदाच मिटावे लागतात. मी म्हणू शकले असते. पण मला माहीत होतं पुढे काय होईल. ते खूष होतील, माझ्या डोक्यावरून हात फिरवतील, आईला हाक मारतील, “पोट्टीनं बघ काय केलं.” आणि मग पुन्हा ऐकतील ते मुलीचं म्हणून ऐकतील. आत्ता जी मिळाली ती दाद होती. सांगितलं असतं तर तिचं कौतुक झालं असतं. कौतुक मला जन्मभर मिळालंय.

मी मान हलवली. हो, बंटीनं.

“वाटलंच मले,” बाबा म्हणाले. “त्याले घरी बोलाव. माह्या नावानं सांग त्याले.” आणि हेडफोन पुन्हा कानांवर ओढून घेतला.

मी बटण दाबलं. बंटीचा इतका हेवा मला आजवर कधीच वाटला नव्हता.